चोवीस एकरांचा हिशोब: स्वातंत्र्यानंतर मुलीच्या वाट्याला काय आलं

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडिलोपार्जित २४ एकर जमीन. आई, वडील, दोन मुलगे, तीन मुली. वडील मृत्युपत्र न करता वारले. आता कुणाला किती?

१९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू असताना महाराष्ट्रात उत्तर होतं: आईला ७ एकर, प्रत्येक मुलाला ७ एकर, प्रत्येक मुलीला १ एकर. आज त्याच कुटुंबाचं उत्तर आहे सगळ्यांना ४-४ एकर. या दोन उत्तरांमध्ये ४९ वर्षं गेली. स्वातंत्र्याच्या चळवळीत बायकांना जे कबूल केलं होतं ते त्यांच्या हाती कसं आणि किती उशिरा आलं, हे समजून घ्यायला या २४ एकरांइतकं चांगलं उदाहरण नाही.

आधी कबुली काय होती ते पाहू. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत कायद्यापुढे स्त्री-पुरुष समान, आणि प्रत्येक प्रौढाला मत, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. हे फुकट मिळालं नव्हतं. १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींसोबत निघालेल्या ७८ सत्याग्रहींमध्ये एकही बाई नव्हती. बायका मागाहून हट्टाने उतरल्या, मीठ विकलं, दारूच्या दुकानांपुढे धरणं धरलं, हजारोंनी तुरुंगात गेल्या. त्याच्याही आधी जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या आणि विषय होता शिक्षण. पण मुली का शिकत नाहीत हे शोधायला लागलं की बालविवाहापाशी पोचतो, आणि बालविवाहाच्या मुळाशी गेलं की मालमत्तेपाशी. १९३४ साली याच परिषदेने लग्न आणि वारसा यांतल्या बायकांच्या अडचणी दूर करणारा हिंदू कायदा करा, अशी मागणी केली.

१९३७ साली मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क देणारा कायदा झाला. त्यात दोन उणिवा होत्या. हक्क हयातीपुरता, म्हणजे ती जमीन वापरायची, पण मनाप्रमाणे विकायची किंवा कुणाला द्यायची नाही. आणि १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय आहे, तिथे हा केंद्रीय कायदा लागू नाही. ज्या देशात मालमत्ता म्हणजे बहुतेक शेतीच, तिथे ही मेखच होती. मुली तर या कायद्यात नव्हत्याच.

सगळा घोटाळा कशात आहे हे कळायला एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो: मिताक्षरा. बंगाल-आसाम सोडला तर बहुतेक भारतात हीच पद्धत. यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मताच तयार होतो. बाप मेल्यावर नाही, पाळण्यात असतानाच. बाप, मुलगे, नातू, पणतू यांचा मिळून एक गट असतो, त्यातल्या प्रत्येकाला सहदायाद म्हणतात. या गटात बाईला जागा नव्हती. त्यामुळे बापाच्या मरणानंतर मुलीला वारस म्हणून कितीही समान हक्क दिला, तरी वाटायला उरतो तो फक्त बापाचा एकट्याचा हिस्सा. बाकीचं भावांनी जन्मासोबतच घेतलेलं असतं.

बी. एन. राव यांच्या समितीने हिंदू कायद्याचा मसुदा (हिंदू कोड बिल) केला तेव्हा मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता, आणि जन्मसिद्ध हक्काची पद्धतच काढून टाकायला सांगितलं होतं. डॉ. आंबेडकर कायदेमंत्री झाल्यावर १९४८ मध्ये प्रवर समितीने मुलीचा वाटा मुलाइतका केला. जन्मसिद्ध हक्क काढणं ही गोष्ट वाट्याच्या आकड्याहूनही महत्त्वाची. या मसुद्याचं तत्त्व आपल्या २४ एकरांना लावून पाहा. जन्मसिद्ध हक्क नाही, म्हणून सगळी मालमत्ता बापाची. वारस सहा: बायको, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी ४ एकर. आजचं जे उत्तर आहे, तेच १९४८ च्या कागदावर होतं.

विरोध मोठा झाला, आणि तो फक्त बाहेरच्या सनातन्यांचा नव्हता. काँग्रेस पक्षातलेच अनेक जण आणि खुद्द राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांना बिल मान्य नव्हतं. युक्तिवाद ओळखीचे आहेत: जमिनीचे तुकडे होतील, भावा-बहिणीत वैर येईल, जावई घरात लुडबुड करतील. (चार मुलगे असले की जमिनीचे तुकडे होतातच, त्याची काळजी तेव्हा कुणाला वाटली नाही.) सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमं कशीबशी मंजूर झाली आणि बिल बाजूला पडलं. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी राजीनामा दिला. कारणं एकाहून अधिक होती, पण हे त्यांतलं मोठं.

निवडणुकीनंतर नेहरूंनी बिलाचे तुकडे करून ते मंजूर करून घेतले: १९५५ मध्ये विवाह, १९५६ मध्ये वारसा, अज्ञान पालकत्व, दत्तक व पोटगी. वारसा कायदा संसदेत पुढे नेला तो जळगावचे खासदार आणि विधी खात्याचे मंत्री हरी विनायक पाटसकर यांनी. १७ जून १९५६ पासून तो लागू झाला. त्यात विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली (कलम १४). ही खरी क्रांती होती, तिला कमी लेखू नये. पण कलम ६ मध्ये मिताक्षरा गट तसाच ठेवला.

आता १ एकर कुठून आला ते बघा. बाप मरण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं कायदा कल्पनेने धरतो. त्या वाटणीत बाप आणि दोन मुलगे हे तीन हिस्सेदार, आणि आपल्याकडच्या रीतीने आईलाही एक हिस्सा. २४ भागिले ४, प्रत्येकी ६ एकर. मग बापाचे ६ एकर सहा वारसांत: प्रत्येकी १ एकर. मुलगे ६ अधिक १, आई ६ अधिक १, मुलींना नुसता १. हे गणित बनवलेलं नाही. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या १९७८ च्या खटल्यात कुटुंबाची रचना अशीच होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने विधवेला ७/२४ हिस्सा दिला.

१९५६ च्या कायद्यात आणखी दोन अडथळे होते. कलम २३ प्रमाणे राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती. भावांनी वाटणी केली तरच तिला तिचा भाग. तोवर राहण्याचा हक्क, तोही अविवाहित, विधवा किंवा टाकलेली असेल तर. आणि कलम ४(२) ने कूळकायदा, कमाल जमीनधारणा, तुकडेबंदी यांसारख्या कायद्यांना वेगळं काढलं, त्यामुळे काही राज्यांत कूळहक्काची जमीन मुलग्यांकडेच जात राहिली.

मग चळवळ काय करत होती? पन्नाशी-साठीच्या दशकांत बरीचशी थंडावली, हे मान्य करायला हवं. संविधानात समानतेचं १४ वं, भेदभाव रोखणारं १५ वं कलम आलं, मताधिकार आला, कायदे झाले. आता सरकार बाकीचं करील असं वाटलं. अनेक कार्यकर्त्या कल्याणकारी कामात गेल्या. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्ष. एक आकडा मात्र तेव्हाच सगळ्यांना खटकायला हवा होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयादीत सुमारे ८ कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ २८ लाखांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. बहुतेक उत्तर भारतातल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला आणि ती नावं वगळली गेली. संविधानाने हक्क दिला तो नागरिकाला, आणि नागरिक म्हटलं की कागदावर नाव लागतं. सातबाऱ्यावरही नेमकी हीच अडचण आहे, तिकडे येतोच.

झोपमोड केली ती एका समितीच्या १९७४ च्या अहवालाने. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या या समितीच्या अध्यक्ष होत्या फुलरेणू गुहा आणि सचिव वीणा मजुमदार. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३०. स्वतंत्र देशात बायकांचं प्रमाण घसरत होतं. याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे निघत होते. शहाद्याकडे आदिवासी बायका दारूचे गुत्ते फोडत होत्या. मालमत्तेचा प्रश्न गावपातळीवर आणला तो शेतकरी संघटनेने. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं आणि पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा हयातीतच बायकोच्या नावे करावा. काही गावांत शंभराहून अधिक पुरुषांनी तो केला. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही लक्ष्मीमुक्ती नावाने पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. मर्यादा उघड आहे. ही नवऱ्याची मर्जी होती. मुलीचा माहेरचा हक्क तिथेही बाजूलाच राहिला.

राज्यांनी कायदे बदलले ते असे: केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतच मोडली, आंध्रने १९८६ मध्ये मुलीला सहदायाद केलं, तमिळनाडूने १९८९ मध्ये. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, पहिलं महिला धोरण आलं त्याच वर्षी. पण एक अट घातली: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना लाभ नाही. म्हणजे ज्यांच्याविषयी भांडण होतं त्या बहुतेक जणी बाहेर. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला, कलम २३ आणि ४(२) काढून टाकली आणि मुलीला जन्माने सहदायाद केलं. आता कल्पित वाटणीत बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात हिस्सेदार. बापाचा सातवा भाग पुन्हा सहा जणांत. बेरीज करून बघा, प्रत्येकी बरोबर ४ एकर येतात.

तरी पंधरा वर्षं घोळ चालला. २००५ मध्ये बाप हयात नसेल तर मुलीला हक्क आहे का? २०१५ च्या प्रकाश विरुद्ध फुलवती निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोघंही हयात हवेत. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ते पुसलं: हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी, विक्री किंवा कोर्टाचा हुकूमनामा उकरून काढता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी फार आधीच झाली’ हे सांगणं मात्र एवढ्याने चालत नाही. त्या काळचे सरकारी कागद सोबत असावे लागतात.

इथे गोव्याकडे बघायला हवं, कारण तिथे सगळं उलट घडलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने पोर्तुगिजांचे जुने कायदे चालू ठेवले. त्यात १८६७ ची नागरी संहिताही. तिच्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी, आणि मुलगा-मुलगी सारखे वारस. तिथे आपलं कुटुंब असतं तर स्थूलमानाने आईचे १२ एकर आधीच तिचे, उरलेले १२ पाच मुलांत, प्रत्येकी २.४. मृत्युपत्रानेही बाप आपल्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त दुसरीकडे वळवू शकत नाही. म्हणून गोव्याचं कौतुक होतं. पण त्याच संहितेत मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती होता, स्थावर विकताना बायकोची सही लागायची एवढाच लगाम. आणि ती सही कशी मिळवली जाते हे सांगायला नको.

कायदा पुरेसा झाला, तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका साधारण १४ टक्केच. गळती कुठे होते ते महाराष्ट्राच्या कागदांवरून दाखवता येतं.

बाप वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. नावं वारस नोंदवहीत, मग फेरफार नोंदवहीत. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पहिली गळती प्रतिज्ञापत्रात: भाऊ बहिणींची नावं लिहितच नाहीत. सासरी असलेल्या बहिणीला नोटीस पोचत नाही, पोचली तरी तिच्या नावे कुणीतरी सही करतं. दुसरी गळती जास्त फसवी: बहिणींची नावं लावतात, पण भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) जागी न लावता ‘इतर हक्क’च्या रकान्यात. बहिणीला वाटतं नाव लागलं. तिसरी जुनी: सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कालांतराने ती अक्षरं गळतात आणि मॅनेजर मालक होतो. म्हणून नुसता आजचा सातबारा बघू नये, जुने फेरफार काढून बघावेत. चुकीच्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील करता येतं. मुदत गेली म्हणून घाबरायचं कारण नाही: सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, आणि दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावता येतो. आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षांच्या आत मात्र लावावा. मालमत्तेच्या वादांसाठी महाराष्ट्रात बायकांना १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ केली होती; आपल्या दाव्याला ती सवलत आहे का, हे विचारून घ्यावं. हे अनेक वकीलही आपणहून सांगत नाहीत.

सगळ्यात मोठी गळती हक्कसोडपत्राची. ‘माहेर तुटेल’, ‘भाऊबीजेला कोण बोलावील’, ‘लग्नात एवढा खर्च केला ना’. हुंडा दिला म्हणून वारसा संपतो असं कायद्यात कुठेही नाही. हुंडा देणं-घेणं हाच गुन्हा आहे, १९६१ पासून. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तरच चालतं, नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने काही होत नाही. एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवणुकीने सही घेतली असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत दावा. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: कोणते गट नंबर, कुणाच्या लाभात, आणि ‘इतर सर्व मिळकती’ असं एखादं वाक्य शेवटी घुसवलंय का. वडील हयात असताना त्यांच्या स्वतः कमावलेल्या मालमत्तेवरचा हक्क सोडून घेतलेला कागद सहसा टिकत नाही, कारण तेव्हा हक्कच निर्माण झालेला नसतो.

दोन गैरसमजही दूर करायला हवेत. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, मुलीला शून्य ठेवूनही. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जितपुरती आहे. आणि वडील १७ जून १९५६ च्या आधी वारले असतील तर त्यांच्या वारशाला हा कायदा लागूच होत नाही. शिवाय अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, आणि मुस्लिमांचा वारसा वेगळ्या कायद्याने चालतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मोर्चा घेऊन गेल्या, त्या सात जणींची चळवळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एक टोक अजून सुटलेलं आहे. मुलीला मिळालेले हे ४ एकर तिच्यानंतर कुणाचे? मूल नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर माहेरून वारशाने आलेली जमीन वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तिने नोकरी करून घर घेतलं असेल, तर कलम १५ प्रमाणे आधी नवरा, मग नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे आई-वडील. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने हाकललेल्या आणि आयुष्यभर माहेरी राहून नोकरी केलेल्या एका बाईची कमाई २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमानुसार सासरच्यांना दिली, आईला नाही. २००८ मध्येच विधी आयोगाने २०७ व्या अहवालात हे कलम बदलायला सुचवलं होतं. ते बदलेपर्यंत अशा बाईला साधा उपाय एकच उरतो: दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवणं. त्याला मुद्रांकही लागत नाही.